सभा, अर्ज आणि पोच : पनवेलच्या शेतकऱ्यांसाठी

पनवेल तालुक्यात शेतकऱ्यांच्या सभांची उणीव नाही. भाताची मळणी उरकून वालाच्या पेरणीला हात लागतो न लागतो तोच कुठे ग्रामसभेची दवंडी फिरते, कुठे कृषी खात्याचे अधिकारी बियाण्यांविषयी आणि पीकविम्याविषयी माहिती सांगण्यास येतात, कुठे भूसंपादनाच्या सुनावणीची नोटीस दारावर डकवली जाते, तर कुठे प्रकल्पबाधितांच्या समितीचे कार्यकर्ते देवळात गावकी जमवून पुढच्या मोर्चाचा दिवस मुक्रर करतात. गर्दी होते, भाषणे होतात, निवेदने दिली जातात. आणि तरीही सहा महिन्यांनी, तुमच्या गाऱ्हाण्याचे पुढे काय झाले, असे एखाद्या खातेदाराला विचारले तर तो बहुधा एवढेच सांगू शकतो की, साहेब आले होते, त्यांनी ऐकून घेतले आणि करतो म्हणाले. सभेत उच्चारलेले गाऱ्हाणे जोवर कोणत्यातरी दफ्तरात, तारखेनिशी आणि आवक क्रमांकानिशी, दाखल होत नाही तोवर सरकारच्या दृष्टीने ते अस्तित्वातच आलेले नसते, ही गोष्ट आपल्या भागातील शेतकऱ्याने मनाशी पक्की बांधावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि ते दाखल कसे करावे, हाच या लेखाचा विषय आहे.

हे सांगताना सभा-मोर्चांचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. ज्या कुलाबा जिल्ह्याला १९८१ पासून आपण रायगड म्हणतो, त्याच्या मातीत शेतकऱ्यांच्या एकजुटीची परंपरा फार जुनी आणि फार तेजस्वी आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ च्या ऑक्टोबरात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमलेल्या कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला आणि पुढे सहा वर्षे उपासमार सोसूनही तो मोडला नाही. त्या संपाचे फळ १९३९ च्या कूळ कायद्यात आणि पुढे १९४८ च्या कूळ कायद्यात उतरले, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारा कायद्याने जमिनीचा मालक मानला गेला. परंतु नीट पाहिले तर असे दिसते की, त्या लढ्याचा लाभ प्रत्यक्षात पदरात पडला तो ज्याचे नाव कूळ म्हणून सरकारी कागदावर चढले त्याच्या. ज्याचे चढले नाही, त्याच्या नातवंडांना आजही वहिवाटीचे पुरावे शोधत तहसील कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

तीच गोष्ट उरण तालुक्यातील जासईच्या लढ्याची. सिडकोने नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील पंच्याण्णव गावांच्या जमिनी घेतल्या, तेव्हा अपुऱ्या मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्यांच्या रक्ताने साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले, आणि देशातील इतर प्रकल्पबाधितांनाही त्या तत्त्वाने आशेचा मार्ग दाखवला. मात्र तत्त्व मान्य झाल्यानंतर कोणाला किती भूखंड मिळणार हे ठरले ते निवाड्यातील नावांवरून आणि वारसनोंदींवरून; ज्या घरांत वारसांचा वाद होता किंवा नावेच लागलेली नव्हती, तेथील प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळली. एकजुटीने जे मिळवले ते कागदाच्या हयगयीने गमवावे, यासारखे दुःख नाही.

आता ग्रामसभेकडे वळू. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, आणि आपल्याकडे त्या बहुतेक प्रजासत्ताकदिन, महाराष्ट्रदिन, स्वातंत्र्यदिन व गांधीजयंती यांच्या सुमारास होतात. सभेची सूचना सात दिवस आधी लागली पाहिजे, आणि सर्वसाधारण ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा झाली पाहिजे. गणपूर्तीसाठी गावच्या मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात; परंतु गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट राहत नाही, आणि म्हणून ज्या गावात पहिल्या सभेला कोणी फिरकत नाही, त्या गावात महत्त्वाचे ठराव दहा-बारा माणसांच्या उपस्थितीत मंजूर होऊन जातात. एखाद्या प्रकल्पाला ग्रामपंचायतीने ना-हरकत दिल्याचे पुढे कळते, तेव्हा गाव चकित होते. पण ती ना-हरकत बहुधा अशाच एखाद्या तहकूब सभेत दिलेली असते.

यास्तव माझा सल्ला असा की, आपला विषय सभेत ऐनवेळी उठून मांडण्यावर अवलंबून न राहता, सूचना लागताच तो एका कागदावर स्पष्ट लिहून ग्रामपंचायतीच्या कार्यालयात द्यावा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा, आणि विषयपत्रिकेत तो आला की नाही हे पाहावे. सभेच्या आरंभी मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा, कारण गेल्या वेळी आपण जे बोललो ते तसेच लिहिले गेले आहे काय, हे कळण्याची तीच एक वेळ असते. ठराव लिहिला जात असेल तर त्याचे शब्द मोठ्याने वाचून घ्यावेत; रस्त्याच्या, बांधाच्या किंवा पाण्याच्या मागणीचा ठराव असेल तर त्यात गट क्रमांक, ठिकाण आणि ज्या खात्याकडे तो पाठवायचा त्या खात्याचे नाव असावे. हजेरीच्या वहीत सही करण्यापूर्वी पानाच्या माथ्यावर काय लिहिले आहे ते वाचावे, आणि कोऱ्या कागदावर, मग तो कितीही ओळखीच्या माणसाने पुढे केलेला असो, सही किंवा अंगठा करू नये. ठरावाची नक्कल मागावी. ती टाळली गेली तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करावा, म्हणजे तीस दिवसांत उत्तर देणे संबंधितांवर बंधनकारक होते, आणि न मिळाल्यास त्याच खात्यातील वरिष्ठांकडे अपील करता येते.

पनवेल शहराच्या लगतच्या कित्येक गावांना मात्र हा मार्ग आता खुला नाही. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि तिच्यात गेलेल्या गावांची ग्रामपंचायत व तिच्याबरोबर ग्रामसभाही संपली. तेथील शेतकऱ्याने आपले म्हणणे प्रभाग कार्यालयात आणि नगरसेवकाकडे लेखी नेले पाहिजे; त्याची जमीन शेतीची असेल तोवर महसूल दफ्तर मात्र तहसीलदारांकडेच राहते, हे त्याने विसरू नये.

या महसूल दफ्तराविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण साह्याच्या बहुतेक सर्व योजना अखेरीस सातबाऱ्याच्या उताऱ्यापाशी येऊन थांबतात. प्रत्येक घरात एक जाडसर फाइल असावी आणि तिच्यात चालू सातबारा, आठ-अ, जमिनीवर आजवर झालेल्या फेरफारांच्या नकला, मोजणीचा नकाशा, कुळाची जमीन असल्यास ३२-म चे प्रमाणपत्र, साऱ्याच्या पावत्या आणि कचेरीत दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच क्रमाने लावलेली असावी. सातबारा हाती आला की केवळ आपले नाव पाहून समाधान मानू नये; क्षेत्र, आकार, इतर हक्काच्या रकान्यातील बोजे आणि कूळ कायद्याच्या कलम ४३ सारखे शेरे, तसेच उताऱ्यावर लिहिलेले फेरफार क्रमांक नीट वाचावेत, आणि ज्या फेरफाराची आपल्याला आठवण नाही त्याची नक्कल मागवावी.

वारसनोंदीच्या बाबतीत आपल्या भागात जी दिरंगाई चालते तिने जेवढे नुकसान केले आहे तेवढे अतिवृष्टीनेही केले नसेल. खातेदार वारल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी, असे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ सांगतो. आमच्याकडे मात्र आजोबांचे नाव नातवाच्या लग्नापर्यंत उताऱ्यावर राहते, आणि जमिनीला भाव आला किंवा संपादनाची नोटीस आली की मग धावपळ सुरू होते. नोंद करताना बहिणींची व आत्यांची नावे गाळण्याची जी वाईट रीत पडली आहे, ती न्यायाच्या दृष्टीने निंद्य आहेच, शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही घातक आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला आहे, आणि गाळलेले नाव पुढे दाव्याच्या रूपाने परत आले की सगळ्या भावंडांचा मोबदला अडकून पडतो. फेरफाराची नोटीस आल्यावर हरकत घेण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावर ती मान्य नसेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करावे लागते. २०२४ पासून तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी असे नवे पदनाम मिळाले असले तरी मुदती त्याच आहेत, आणि गावोगावी लोक त्यांना भाऊसाहेबच म्हणतात.

उताऱ्याच्या बाराव्या नमुन्यात, म्हणजे पीकपाहणीत, आपल्या पिकाची नोंद होणेही तितकेच अगत्याचे आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची आहे, आणि वृद्ध खातेदारांची त्यात फार अडचण होते. म्हणून गावातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी खरिपाच्या हंगामात एक रविवार काढून शेजाऱ्यांच्या खाचरात जाऊन ती करून द्यावी, असे मला मनापासून वाटते. भात खाचरात उभे असूनही उताऱ्यावर त्याचा उल्लेख नसेल तर आधारभूत दराने होणाऱ्या सरकारी खरेदीच्या केंद्रावर ते घेतले जात नाही, आणि २०२५-२६ च्या हंगामात साधारण भातासाठी जाहीर झालेल्या क्विंटलमागे २,३६९ रुपयांच्या दराचा उपयोग न होता तेच भात व्यापाऱ्याला तो देईल त्या किमतीला घालावे लागते. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही मागितला जातो. केंद्राच्या किसान सन्मान निधीचे वर्षाला सहा हजार रुपये आणि राज्याचे तितकेच नमो शेतकरी योजनेचे रुपये थांबले असतील, तर या क्रमांकाची, आधार जोडणीची किंवा बँक खात्याची अडचण आहे काय, हे प्रथम तपासावे.

अतिवृष्टीने किंवा भरतीच्या पाण्याने पीक गेले तर पंचनाम्याची वाट पाहत स्वस्थ बसू नये. आपल्या गट क्रमांकासह नुकसानीचा अर्ज त्याच दिवशी तलाठी व कृषी सहायक यांच्याकडे द्यावा आणि पाणी ओसरण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. आपत्तीच्या साह्यासाठी पिकाचे नुकसान तेहतीस टक्के किंवा अधिक असावे लागते, म्हणून पंचनाम्यात टक्केवारी काय लिहिली हे सही करण्यापूर्वी पाहणे हा आपला हक्क आहे. पीकविम्याच्या अटी अलीकडे वरचेवर बदलल्या आहेत. गेल्या वर्षीच्या समजुतीवर विसंबून न राहता यंदाच्या योजनेत कोणते नुकसान धरले जाते, हे हप्ता भरतानाच कृषी कार्यालयात विचारावे.

खाडीकाठच्या शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगतो. खारबंदिस्तीला खांड पडून उधाणाचे पाणी शेतात शिरले, की पूर्वी गावकी एकत्र येऊन चिखल-दगडांनी ती बुजवीत असे. आता मनुष्यबळ कारखान्यांत व गोदामांत गेले, आणि उघाडीची दारे मोडली तरी ती सरकारने बसवावीत म्हणून वाट पाहिली जाते. खारभूमी विकास विभाग मात्र जी बंदिस्ती शासकीय योजनेत समाविष्ट आहे तिचीच दुरुस्ती करतो, खासगी योजनेची नाही. आपला बांध कोणत्या यादीत आहे हे अनेक गावांना ठाऊक नसते, आणि अर्ज चुकीच्या दारी पडून राहतो. दोन-चार पावसाळे खांड तशीच राहिली की शेतात कांदळवन उगवते, आणि २००५ मधील उच्च न्यायालयाच्या आदेशापासून ते तोडण्यास कडक मनाई असल्याने, उताऱ्यावर आपली असलेली जमीन कसण्यास आपण कायमचे मुकतो. म्हणून खांड पडल्याची लेखी खबर पहिल्याच उधाणानंतर गेली पाहिजे, ग्रामसभेच्या ठरावासह गेली पाहिजे, आणि गावकीने जमेल तेवढी डागडुजी आपल्या हातांनी केली पाहिजे. जमीन खारावली असेल तर निराश होऊ नये. पनवेल येथे कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र आहे, तेथेच पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ हे क्षार सोसणारे भाताचे वाण निपजले आहेत, आणि ज्या गावाच्या वेशीबाहेर हे केंद्र आहे त्याच गावाने त्याची पायरी चढू नये हे बरे नव्हे. गोड्या जमिनीच्या भातासाठी कर्जतचे संशोधन केंद्र जवळ आहे.

भूसंपादनात मुदतींचे महत्त्व सर्वांत अधिक. २०१३ च्या कायद्याप्रमाणे प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर साठ दिवसांत हरकत घेता येते. हरकतीत केवळ 'जमीन द्यायची नाही' असे न लिहिता क्षेत्रातील चूक, झाडे, विहीर, घर, बांध, दुबार पीक, कुळाचा किंवा वारसाचा हक्क यांचा तपशील द्यावा, कारण संयुक्त मोजणीत जे लिहिले जात नाही त्याचा मोबदला निवाड्यात उतरत नाही. मोजणीच्या दिवशी घरातील जाणता माणूस शेतावर हजर असावा आणि मोजणीच्या तक्त्याची प्रत मागून घ्यावी. निवाडा झाल्यावर बाजारमूल्याइतकेच दिलासा म्हणून आणखी शंभर टक्के मिळतात. तरीही रक्कम अपुरी वाटत असेल तर ती स्वीकारताना 'निषेध नोंदवून स्वीकारली' असे लेखी देणे अत्यावश्यक आहे, कारण निषेधाविना पैसे उचलणाऱ्याला वाढीव मोबदल्यासाठी प्राधिकरणाकडे दाद मागता येत नाही. निवाड्याच्या वेळी आपण हजर असाल तर ही दाद सहा आठवड्यांत मागावी लागते. राष्ट्रीय महामार्गासाठी घेतलेल्या जमिनीचा कायदा वेगळा आहे, आणि थेट खरेदीच्या मार्गाने संमतीचे खरेदीखत एकदा करून दिले की वाढीव मोबदल्याची वाट जवळजवळ बंद होते. यास्तव कोणता कायदा लागू आहे हे नोटिशीच्या पहिल्या ओळीतच वाचून घ्यावे.

नैना, म्हणजे नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रातील, गावांचा प्रश्न आणखी निराळा आहे. सिडकोला २०१३ मध्ये तेथील विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले, आणि नगररचना योजनांखाली मूळ जमिनीच्या चाळीस टक्के अंतिम भूखंड मालकाला परत मिळतो, बाकीचे क्षेत्र रस्ते, मोकळ्या जागा व इतर कामांसाठी जाते. हे प्रमाण न्याय्य आहे काय, यावर गावांचा रोष आहे आणि तो मला समजतो. परंतु रोष असला तरी प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावरच्या एक महिन्याच्या मुदतीत प्रत्येक खातेदाराने स्वतःच्या गटापुरती वैयक्तिक हरकत द्यावी, आणि लवादापुढील सुनावणीची नोटीस आल्यास बहिष्काराच्या भरात गैरहजर राहू नये. समितीचे सामुदायिक निवेदन धोरणाला उत्तर देते. आपल्या घराखालून रस्ता जातो की नाही याला ते उत्तर देत नाही.

अशा काळात अफवांना आणि दलालांना ऊत येतो. अमुक गावाचा दर ठरला, तमुक गट योजनेतून वगळला, अशा बातम्या मोबाइलवर फिरतात. त्यांतली प्रत्येक बातमी राजपत्र, वृत्तपत्रातील जाहीर नोटीस किंवा चावडीवरची प्रसिद्धी यांच्याशी ताडून पाहिल्याविना कोणताही व्यवहार करू नये. विशेषतः कुलमुखत्यारपत्रावर सही मागणाऱ्यापासून सावध राहावे. थोड्या बयाण्याच्या मोहाने दिलेले मुखत्यारपत्र रद्द करून घेण्यास पुढे न्यायालयात जावे लागते, आणि तोवर जमीन दोन हात फिरलेली असते.

माथेरानच्या डोंगराखालच्या धोदाणी, मालडुंगे यांसारख्या भागातील ठाकूर व कातकरी बांधवांची वनजमिनीवरील वहिवाट हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच लिहितो की, १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या वहिवाटीचा दावा २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे करावा लागतो, तो फेटाळला गेल्यास कारणासह लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि त्या आदेशाविरुद्ध अपील आहे. तोंडी नकार ऐकून परत फिरू नये.

सगळीकडून निराशा झाली तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अलिबागला महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तेथे जाण्यापूर्वी तालुक्याला केलेल्या अर्जाची पोच हाती असावी. वकील करण्याची ऐपत नसलेल्यांसाठी पनवेल न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व अल्प उत्पन्नाचे पक्षकार यांना १९८७ च्या कायद्याप्रमाणे तेथे विनामूल्य वकील मिळतो. तिकडे जाताना निवाड्याची किंवा आदेशाची प्रत आणि ती ज्या लखोट्यातून आली तो लखोटाही बरोबर न्यावा, कारण वकील सर्वांत आधी कागद केव्हा मिळाला हे विचारतील आणि टपालाचा शिक्का त्या लखोट्यावर असतो.